कुंड्या आणि वाफा, दोन्हीकडे वाढ खुंटली आहे. खत घालूनही फरक नाही

परसबाग_१२

रोपं मरत नाहीत, पण वाढतही नाहीत. नेमकं काय बिघडलंय ते कळावं म्हणून शक्य तेवढा तपशील देत आहे.

कुंड्यांचा वरचा व्यास २५ सेंमी, प्रत्येकीत साधारण १० लिटर मिश्रण मावतं. मिश्रण मोजून केलेलं आहे: कोकोपीट २ भाग, गांडूळखत २ भाग, बागेतली माती १ भाग. तळाला ३ सेंमी खडी. टोमॅटो आणि मिरची लावून ८ आठवडे झाले. टोमॅटो ३० सेंमीवर अडकलाय, खालची पानं पिवळी आणि कडांना करपलेली, फुलं येतात आणि देठाच्या गाठीपाशी तुटून गळतात. मिरचीची नवी पानं पिवळी, शिरा मात्र हिरव्या. कोथिंबीर दोन बोटं वर येऊन थांबते. बेसिलचा दांडा लाकडासारखा, पानं नखाएवढी. रोझमेरीचे शेंडे तपकिरी पडत चाललेत.

वाफा १२० बाय २४० सेंमी, २० सेंमी उंच, थेट जमिनीवर. त्यात विकतची माती आणि घरचं कंपोस्ट निम्मं-निम्मं. कंपोस्टचा ढीग ३ महिन्यांचा, त्यात सुकी पानं आणि बराचसा लाकडाचा भुसा. वाफ्यात पालक, मुळा आणि घेवडा. पालक फिकट, पानं चमच्याएवढी. मुळ्याचा पालाही पिवळट. घेवडा त्यातल्या त्यात बरा दिसतो.

पाणी विंधन विहिरीचं. रोज संध्याकाळी प्रत्येक कुंडीला १ लिटर, वाफ्याला दोन झाऱ्या. कुंड्यांच्या काठावर पांढरा थर जमतो. थेट ऊन सकाळी ११ ते दुपारी ३. खत १९:१९:१९, लिटरला ५ ग्रॅम, दर आठवड्याला. शिवाय १५ दिवसांनी एप्सम सॉल्ट (मॅग्नेशियम सल्फेट).

कोणत्या अन्नद्रव्याची कमतरता असेल, आणि आणखी काय घालावं?

वाफसा

आणखी काय घालावं हा प्रश्न आठवडाभर बाजूला ठेवा आणि कुंड्यांचं खत आजच बंद करा. तुमच्याकडे एक आजार नाही, दोन आहेत. कुंड्यांमध्ये अन्न जास्त झालंय आणि वाफ्यात ते कमी पडतंय. दोन्हीकडे एकच औषध चालणार नाही. वाफ्याबद्दल दुसरं कोणी लिहील, मी कुंड्यांचं सांगतो.

हिशोब करून बघा. १९:१९:१९ मध्ये नत्र (नायट्रोजन) १९ टक्के. लिटरला ५ ग्रॅम म्हणजे त्या पाण्यात लिटरमागे ९५० मिलिग्रॅम नत्र. कुंडीतल्या भाजीला दर आठवड्याला १०० ते २०० पुरतं. त्यातच मिश्रणाचा ४० टक्के भाग गांडूळखत. गांडूळखत हे खत आहे, त्याला माती समजून वापरलं की असं होतं. त्यात क्षार भरपूर असतात आणि त्याचे बारीक कण कोकोपीटच्या पोकळ्या बुजवतात. १० ते २० टक्के पुरेसं. त्यापुढे रोप वाढायच्या ऐवजी थबकतं. बाहेरचं पाणी खारट झालं की मुळांना ते आत ओढता येत नाही. मिश्रण ओलं असतं आणि झाड तहानलेलं राहतं. पानांच्या कडा करपतात त्या यामुळेच.

पण अंदाजावर थांबू नका. संध्याकाळी पाणी देण्याआधी टोमॅटोची एक कुंडी आडवी करून मुळांचा गड्डा अलगद बाहेर काढा. निरोगी मुळं पांढरी किंवा फिकट पिवळसर, ताठ, टोकाशी तंतुमुळांचा झुपका, वास ओल्या मातीचा. मुळं तपकिरी, बोटांत धरून ओढल्यावर वरची साल निघून आत नुसता दोरा उरत असेल, वास आंबूस असेल, तर मूळकूज. मुळं पांढरी पण कुंडीच्या भिंतीला गोल गोल गुंडाळलेली असतील तर कुंडी अपुरी पडली. मुळं चांगली पण फक्त वरच्या ५-६ सेंमीत असतील तर खालचं मिश्रण सतत ओलं आहे, तिथे हवाच नाही.

दुसरी तपासणी क्षारांची. पाण्यात क्षार जितके जास्त तितकी त्याची विद्युत वाहकता जास्त; ती मोजणारा, पेनाएवढा साधा मीटर मिळतो. कुंडीला नेहमीसारखं पाणी द्या, एक तास निथळू द्या. मग खाली स्वच्छ ताटली ठेवून वरून गोलाकार साधारण १५० मिली साधं पाणी घाला. ताटलीत ५० मिलीच्या आसपास गळेल, ते मोजा. आकडा (मिलिसिमेन्स प्रति सेंमीमध्ये) १ च्या खाली असेल तर झाड खरंच उपाशी आहे, ५ च्या वर असेल तर मिश्रण धुवायलाच हवं. विहिरीचं पाणीही वेगळं मोजा. ०.७ पर्यंत काळजी नाही. त्याहून जास्त असेल तर खताची मात्रा तेवढी कमी करावी लागते, कारण पाणी आधीच क्षारांनी अर्धं भरलेलं असतं.

धुण्याची पद्धत: कुंडीच्या आकारमानाच्या दोन ते तीन पट पाणी, म्हणजे तुमच्यासाठी २० ते ३० लिटर, तीन-चार वेळा थांबत थांबत, दर वेळी पूर्ण निथळू देऊन. एकदम ओतलं तर पाणी कडेने पळतं आणि आतला भाग तसाच राहतो. एक सूचना मात्र महत्त्वाची आहे. मुळं कुजलेली दिसली तर धुऊ नका, आधीच गुदमरलेल्या मुळांवर आणखी पाणी जाईल. तेव्हा सरळ मिश्रणच बदलायचं.

आणि रोजचं ठरलेलं १ लिटर बंद. कोकोपीट वरून कोरडं दिसतं, खाली चिंब असतं, त्यामुळे डोळ्यांवर भरवसा ठेवू नका. बोट दोन पेरं आत घाला किंवा कुंडी थोडी उचलून वजन बघा. पाणी द्यायचं तेव्हा तळातून थोडं, दिलेल्याच्या दहाव्या हिश्श्याएवढं, बाहेर येईपर्यंत द्या. पोटापुरतंच मोजून दिलं आणि तळातून कधी काही गळलंच नाही, तर प्रत्येक वेळचे क्षार आतच साठत जातात.

कंपोस्ट_ढीग

वाफ्याचं निदान तुम्हीच लिहून ठेवलंय: घेवडा बरा, पालक-मुळा फिकट. घेवड्याच्या मुळांवरच्या गाठी हवेतलं नत्र धरतात, त्यामुळे त्याचं भागतं. ज्यांना मातीतूनच नत्र घ्यावं लागतं ती रोपं पिवळी पडतात. खात्री करायची तर घेवड्याचं एक रोप उपटा. मुळांच्या बाजूला चिकटलेल्या, नखाने सहज सुटणाऱ्या गाठी दिसतील. फोडल्यावर आत गुलाबी असतील तर त्या काम करताहेत. पालकाचं रोपही उपटा. त्याच्या मुळांतच फुगवटे असतील, नखाने न सुटणारे, तर मात्र ते सूत्रकृमी (मुळांत शिरणारे मातीतले सूक्ष्म कृमी). मग उपाय वेगळा: पुढच्या कडक उन्हाळ्यात वाफा ओला करून पारदर्शक प्लास्टिकखाली ४ ते ६ आठवडे तापवणं.

नत्र कमी पडण्याचं कारण लाकडाचा भुसा. भुशात कर्बाचं (कार्बनचं) प्रमाण नत्राच्या काही शे पट असतं. ते कुजवणाऱ्या जिवाणूंना स्वतःच्या वाढीसाठी नत्र लागतं, ते नत्र हे जिवाणू मातीतून उचलतात आणि मुळांना काही उरत नाही. कर्ब-नत्र गुणोत्तर ३०:१ च्या वर असलेला कोणताही कच्चा माल मातीत मिसळला की हेच होतं. ३ महिन्यांचा ढीग भुशासाठी लहान आहे. भुसा मातीवर आच्छादन म्हणून पसरला असता तर फारसा त्रास झाला नसता, कारण ही ओढाताण फक्त जिथे तो मातीला टेकतो त्या पातळ थरात होते. आत कालवला की संपूर्ण मुळांच्या पट्ट्यात होते.

कंपोस्ट तयार आहे का हे बघायला मूठभर ओलसर कंपोस्ट हवाबंद पिशवीत घालून ५ दिवस सावलीत ठेवा. उघडल्यावर आंबूस किंवा अमोनियाचा वास आला तर ते कच्चं आहे.

आता उपाय. वाफा उपसू नका, ते व्यर्थ कष्ट होतील. वाफ्याचं क्षेत्र २.८८ चौरस मीटर. दर चौरस मीटरला १० ग्रॅम युरिया १० लिटर पाण्यात विरघळवून ओळींच्या मधल्या मातीवर घाला, म्हणजे पूर्ण वाफ्याला साधारण ३० ग्रॅम युरिया, ३० लिटर पाणी. पानांवर पडलं तर लगेच साध्या पाण्याने धुवा. दोन आठवड्यांनी पुन्हा एकदा. घेवड्याच्या ओळीला देऊ नका. आयतं नत्र मिळालं की गाठी सुस्त होतात आणि झाड नुसता पाला वाढवतं. रासायनिक नको असेल तर कुजवलेली पेंड चौरस मीटरला २०० ग्रॅम, पण तिचा परिणाम दिसायला ३-४ आठवडे लागतात, आणि पालकाकडे तेवढा वेळ नसतो. भुसा कुजून संपला की हेच नत्र हळूहळू मातीत परत येतं, म्हणून पुढच्या वर्षी हा वाफा चांगलाच सुधारलेला असेल.

दोन झाऱ्या रोज म्हणजे माती वरवर भिजणं. वाफ्याला आठवड्याला २५ मिमी पावसाएवढं पाणी हवं, म्हणजे चौरस मीटरला २५ लिटर, तुमच्या वाफ्याला एकूण सुमारे ७० लिटर. ते दोन-तीन वेळा विभागून द्या, मधल्या काळात वाफसा (माती ना चिखल, ना कोरडी अशी स्थिती) येऊ द्या. कडक उन्हात यापेक्षा जास्त लागेल. रोज थोडं थोडं दिल्याने मुळं वरच राहतात आणि एक दिवस चुकला तरी माना टाकतात.

आणखी एक गोष्ट तपासून घ्या. विकतच्या मातीत किंवा शेणखतात तणनाशकाचा अंश असू शकतो. काही तणनाशकं जनावराच्या पोटातून आणि कंपोस्टच्या ढिगातूनही शाबूत बाहेर पडतात. ओळखायला सोपं आहे: घेवडा आणि टोमॅटोची कोवळी पानं वाटीसारखी वळतात, नेच्याच्या पानांसारखी अरुंद आणि पिळलेली होतात. तुमचा घेवडा बरा आहे, त्यामुळे इथे ती शक्यता कमी वाटते. पण नवीन माल वापरण्याआधी त्यात घेवड्याचे ३-४ दाणे पेरून ३ आठवडे बघावेत.

सामू_साडेसहा

मिरचीच्या पानांबद्दल. पिवळेपणा झाडाच्या कोणत्या मजल्यावर आहे हे आधी बघायचं असतं. नत्र, मॅग्नेशियम आणि पालाश (पोटॅशियम) झाडाच्या आत फिरू शकतात, म्हणून कमी पडले की झाड ते जुन्या पानांतून काढून नव्याला देतं आणि खालची पानं आधी बिघडतात. लोह आणि कॅल्शियम एकदा पानात गेले की तिथेच बसतात, म्हणून त्यांची कमतरता वरच्या कोवळ्या पानांत दिसते. तुमची लक्षणं नव्या पानांत, शिरा हिरव्या: हे लोह. एप्सम सॉल्टचा इथे काही उपयोग नाही, उलट जादा मॅग्नेशियम कॅल्शियमच्या वाटेत येतं आणि टोमॅटोच्या फळाचा तळ काळा पडायची शक्यता वाढते.

लोह मिश्रणात बहुधा आहे, झाडाला घेता येत नाही. सामू (पीएच, म्हणजे आम्ल-अल्कतेचा आकडा) ७.५ च्या आसपास गेला की लोह न विरघळणाऱ्या रूपात अडकतं. काठावरचा पांढरा थर खरवडून त्यावर व्हिनेगरचे दोन थेंब टाका. फसफसलं तर तो चुना आहे, म्हणजे पाणी जड आहे आणि रोजच्या पाण्यासोबत सामू वर ढकलला जातोय. फसफसलं नाही तर ते खताचे क्षार. सामू मोजायला एक भाग मिश्रण, दोन भाग ऊर्ध्वपातित (डिस्टिल्ड) पाणी, ढवळून अर्धा तास ठेवा आणि मीटर किंवा पट्टीने मोजा. भाज्यांना ६.० ते ६.८ मानवतो.

सामू जास्त निघाला तर पाणी आम्ल करून द्या. १० लिटरला १ ग्रॅम सायट्रिक ॲसिडपासून सुरुवात करा, ढवळून सामू मोजा, ६ ते ६.५ येईपर्यंत थोडं थोडं वाढवा. लोह देताना डबीवर कोणतं चिलेट (लोहाला विरघळलेलं ठेवणारं रसायन) आहे ते वाचा. ईडीटीए चिलेट सामू ६.५ च्या पुढे टिकत नाही, डीटीपीए साधारण ७ ते ७.५ पर्यंत, ईडीडीएचए ९ पर्यंत. तुमच्या पाण्याला ईडीडीएचएच हवं: लिटरला अर्धा ग्रॅम, मुळाशी, संध्याकाळी. आधी पिवळी झालेली पानं पूर्ण हिरवी होतील याची वाट बघू नका. १० दिवसांनी येणारी नवी पानं बघा.

वाफसा यांनी सांगितलेली मुळं बघण्याची पायरी मात्र टाळू नका. गुदमरलेल्या मुळांनाही लोह घेता येत नाही, आणि पानावर दोन्हींचं चित्र एकच दिसतं.

मिरचीची पानं नुसती पिवळी आहेत की वळलेलीही, हे तुम्ही लिहिलेलं नाही. पानाच्या कडा वरच्या बाजूला वळून होडीसारखं पान झालं तर फुलकिडे; खालच्या बाजूला वळून पान अरुंद, देठ लांब झाला तर कोळी (माइट ही कीड). शेंडा पांढऱ्या कागदावर झटका आणि दसपट भिंगातून बघा. फुलकिडे लांबुळके, सुतासारखे धावतात. मिरचीवरचा कोळी इतका बारीक असतो की भिंगाशिवाय दिसतच नाही. फुलकिड्यांना कडुनिंब तेल लिटरला ५ मिली, आधी १ मिली सौम्य द्रव साबणात फेटून, संध्याकाळी, पानाच्या खालून, ५-७ दिवसांच्या अंतराने तीनदा. कोळ्याला पाण्यात मिसळणारं ८० टक्के गंधक लिटरला २ ग्रॅम. पण तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर ते मारू नका, पानं भाजतात, आणि तेलाच्या फवारणीपासून दोन आठवड्यांचं अंतर ठेवा.

परसबाग_१२

सगळं करून बघितलं. टोमॅटोची मुळं तळाशी तपकिरी, साल सुटते, खडीच्या थरावर चार बोटं मिश्रण चिखल झालेलं. वर काही पांढरी मुळं आहेत आणि भिंतीला गुंडाळलेली. मिरचीची मुळं बरी. ताटलीतल्या पाण्याची वाहकता ६.२, विहिरीच्या पाण्याची १.१. पांढरा थर व्हिनेगरने फसफसतो. मिश्रणाचा सामू ७.६. मिरचीची पानं वळलेली नाहीत, भिंगाखाली काही दिसलं नाही. घेवड्याच्या गाठी आतून गुलाबी, पालकाची मुळं साफ. कंपोस्टच्या पिशवीला आंबूस वास.

खडी तर निचऱ्यासाठीच घातली होती. मग चिखल कसा झाला? आणि टोमॅटो वाचेल का?

वाफसा

खडीमुळेच झाला. हा समज इतका रुजलेला आहे की पुन्हा पुन्हा सांगावं लागतं. बारीक मिश्रणातलं पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत सहजासहजी उतरत नाही. ते सीमेवर अडकतं आणि तिथे चिंब थर तयार होतो. खडी नसती तर तोच थर कुंडीच्या तळाशी असता, खडी घातल्याने तो ३ सेंमी वर, मुळांच्या आणखी जवळ आला. भांडी घासायचा स्पंज पूर्ण भिजवून आडवा धरा, गळायचं थांबलं की उभा करा; आणखी पाणी गळतं. मिश्रणाचा स्तंभ जितका उंच, तितकं वरचं मिश्रण कोरडं आणि हवेशीर. म्हणून उथळ कुंडीपेक्षा खोल कुंडी बरी. छिद्रावर जाळीचा एक तुकडा पुरेसा. कुंडी २ सेंमी उचलून ठेवा, ताटलीत साचलेलं पाणी अर्ध्या तासात ओतून टाका.

टोमॅटो वाचतो. वर पांढरी मुळं असणं ही चांगली खूण आहे, आणि टोमॅटोच्या खोडाला मातीत पुरलं की नवी मुळं फुटतात. त्याला १० लिटर मुळातच कमी. १८ ते २० लिटरची, ३० सेंमी तरी खोल कुंडी हवी. मिरचीला आत्ताची कुंडी चालेल, १२-१५ लिटर मिळाली तर उत्तम.

दहा लिटर नवं मिश्रण असं करा: कोकोपीट ४ लिटर, पूर्ण कुजलेलं कंपोस्ट अडीच लिटर, गांडूळखत १ लिटर, परलाइट (तापवून फुगवलेल्या खडकाचे हलके पांढरे दाणे) अडीच लिटर. परलाइट नसेल तर २ ते ४ मिमीची जाड वाळू; बारीक वाळू पोकळ्या बुजवते, ती नको. तुमचं भुशाचं कंपोस्ट यात वापरू नका. कोकोपीट आधी धुवा, त्यात सोडियम आणि पालाश असतो. ५ किलोची वीट फुगून साधारण ६० लिटर होते. धुतल्यावर लिटरला दीड ते दोन ग्रॅम कॅल्शियम नायट्रेटच्या पाण्यात रात्रभर भिजवा, निथळा, पुन्हा एकदा धुवा. ही पायरी गाळली की कोकोपीट पहिले काही आठवडे खतातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम स्वतःकडे ओढून घेतं.

संध्याकाळी टोमॅटो काढा, कुजलेली मुळं स्वच्छ कात्रीने कापा, गुंडाळलेला गड्डा बोटांनी सैल करा; सुटत नसेल तर बाजूंनी वरून खाली १ सेंमी खोल तीन-चार चिरा द्या. खालची पिवळी पानं काढून खोड पहिल्या निरोगी पानापर्यंत पुरा. सगळी फुलं आणि कळ्या खुडा. हे जिवावर येतं, पण या आकाराचं झाड फळ पोसू शकत नाही, आधी त्याला पाला वाढवू द्या. ५-६ दिवस सावलीत. पहिल्या दिवशी भरपूर पाणी, नंतर बोटाने बघूनच.

मिरचीची मुळं बरी आहेत, तिचं मिश्रण मात्र धुवा: २० ते २५ लिटर, सामू ६ पर्यंत आणलेल्या पाण्याने. मग दोन आठवडे खत नाही, फक्त एकदा लोह.

त्यानंतर १९:१९:१९ लिटरला १ ग्रॅम, ७ ते १० दिवसांनी. तुमच्या विहिरीच्या पाण्यात १.१ आधीच आहे, म्हणून १ ग्रॅमच्या वर जाऊ नका. महिन्यातून एकदा फक्त साध्या पाण्याने भरपूर निथळ काढा. पावसाचं पाणी साठवता आलं तर ते अर्धं-अर्धं मिसळणं हा सर्वांत चांगला उपाय, त्याने क्षार आणि सामू दोन्ही उतरतात. कॅल्शियम नायट्रेट द्यायचं तर वेगळ्या दिवशी. स्फुरद (फॉस्फरस) असलेल्या खताच्या दाट द्रावणात मिसळलं तर साका बसतो आणि दोन्ही वाया जातात.

उरला उन्हाचा प्रश्न. ११ ते ३ म्हणजे ४ तास. पालक, कोथिंबीर, पुदिना यांचं त्यात भागतं. टोमॅटो-मिरचीला ६ ते ८ तास हवेत. एक दिवस दर तासाला कुठे सावली पडते ते कागदावर मांडा आणि फळभाज्यांच्या कुंड्या सगळ्यांत जास्त ऊन मिळणाऱ्या जागी हलवा. जागाच नसेल तर टोमॅटोचा हट्ट सोडून पालेभाज्या वाढवणं शहाणपणाचं. आणि कुंड्या काळ्या असतील तर दुपारी हात लावून बघा. चटका बसत असेल तर आतली मुळंही भाजतात. बाहेरून पांढरं कापड गुंडाळलं तरी फरक पडतो.

फुलगळीची कारणं तुमच्याकडे क्षार आणि मुळं हीच आहेत. पण ती बरी झाल्यावरही गळ चालू राहिली तर तापमान बघा: दिवसा ३२-३५ अंशांच्या वर किंवा रात्री २४ च्या वर टोमॅटोचे परागकण नीट काम करत नाहीत, रात्री १३ च्या खालीही नाहीत. तेव्हा कोणतीही फवारणी उपयोगाची नाही. हवामान योग्य असताना सकाळी दहाच्या सुमारास फुलांचा घोस बोटाने हलकेच टिचकी मारून हलवा, परागीकरण चांगलं होतं.

हिरवी_जुडी

कोथिंबीर, बेसिल वगैरेंबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून. या सगळ्यांना एकच मिश्रण आणि एकच पाणी देणं ही मूळ अडचण आहे, कारण त्यांच्या गरजा एकमेकींच्या विरुद्ध आहेत.

कोथिंबीर दोन बोटांवर थांबते त्याची तीन नेहमीची कारणं: क्षार (कोवळ्या रोपाला वाहकता ६.२ फारच जास्त), दाटी, आणि उष्णता. आपण ज्याला धणा म्हणतो ते दोन बियांचं फळ असतं. तळहाताखाली हलकं रगडून दोन फाकी करा, १२ तास भिजवा, १ सेंमी खोल पेरा, ओळी १० सेंमीवर. उगवल्यावर ४ ते ५ सेंमीवर एक रोप ठेवून विरळणी करा. विरळलेली रोपं खाता येतात. धणे जुने आहेत का हे पेरण्याआधी कळतं: २० फाकी ओल्या कागदात गुंडाळून ठेवा, दोन आठवड्यांत १२ पेक्षा कमी उगवल्या तर दुसरे आणा. रोप उपटून दुसरीकडे लावू नका, त्याचं सोटमूळ दुखावलं की ते घाबरून फुलोऱ्यावर येतं. १५ ते २१ अंशांत ती खुशीत असते, ३० च्या वर उगवणही कमी आणि डेंगळेही (फुलोऱ्याचे दांडे) लवकर. उष्ण दिवसांत दुपारची सावली किंवा ५० टक्के सावलीची जाळी लावा. एकदाच खूप पेरण्यापेक्षा दर १५-२० दिवसांनी एक पसरट कुंडी पेरा. एका पेरणीकडून ३५ ते ४५ दिवसांच्या वर अपेक्षा ठेवू नये.

बेसिलचा दांडा लाकडी होतो कारण त्याला खालून पानं तोडली जातात आणि शेंडा तसाच राहतो. उलट करा. पानांच्या तीन-चार जोड्या झाल्या की शेंडा पेऱ्याच्या किंचित वर खुडा, खाली किमान दोन जोड्या ठेवून. प्रत्येक खुड्यामागे दोन फुटवे येतात. तुरा दिसताच काढा. लाकडी झालेल्या झाडाला पुन्हा कोवळं करता येत नाही, पण त्याच्या वरच्या हिरव्या १० सेंमी फांद्या कापून, खालची पानं काढून पाण्यात ठेवल्या की १० दिवसांच्या आसपास मुळं फुटतात. तेच नवं झाड. रोपवाटिकेतल्या एका कुंडीत बऱ्याचदा १५-२० रोपं एकत्र असतात. ती तीन-चार कुंड्यांत वाटून लावा, नाहीतर सगळीच खुरटतात. आणि पान उलटून बघायची सवय ठेवा. वरून शिरांमध्ये पिवळे चौकटीसारखे डाग आणि खाली राखाडी-जांभळी बुरशी दिसली तर तो केवडा रोग आहे. लोक त्याला खताची कमतरता समजून खत घालत राहतात. ती पानं काढून टाका, पाणी सकाळी आणि फक्त मुळाशी द्या, कुंड्यांत हवा खेळेल एवढं अंतर ठेवा.

रोझमेरीची मला सगळ्यांत जास्त काळजी वाटते. तिच्या शेंड्यांचं तपकिरी होणं हे पाणी कमी पडल्यासारखं दिसतं, म्हणून आणखी पाणी दिलं जातं आणि ती जाते. खालची मुळं कुजली की वर दिसायला दोन-तीन आठवडे लागतात. आजच काढा, कुजलेली मुळं कापा, निम्मं परलाइट किंवा जाड वाळू आणि निम्मं कोकोपीट-माती अशा मिश्रणात, मातीच्या कुंडीत लावा. वरचे ४ सेंमी पूर्ण कोरडे झाल्याशिवाय पाणी नाही. खत हंगामात एकदा, तेही अर्ध्या मात्रेने. सामू ७ च्या थोडा वर असला तरी तिला चालतो, तिच्यासाठी पाणी आम्ल करायची गरज नाही. झाड वाचेल याचा भरवसा कमी असेल तर ज्या फांद्या अजून हिरव्या आहेत त्यांच्या ८-१० सेंमी काड्या आत्ताच ओलसर परलाइटमध्ये खोचून ठेवा. थाइम असेल तर त्यालाही हेच लागू. पुदिना मात्र यांच्या शेजारी कधीही नको. त्याला ओल हवी, पसरट कुंडी हवी, आणि वर्षातून एकदा गड्डा फोडून कडेचे ताजे धुमारे नव्या मिश्रणात लावायला हवेत, कारण मधला भाग मुळांनी भरून मरतो.

परसबाग_१२

मनापासून आभार. टोमॅटो आणि रोझमेरी आज संध्याकाळी बदलतो. एकच राहिलं: काढलेलं जुनं मिश्रण फेकायचं का?

कंपोस्ट_ढीग

फेकू नका. खडी चाळून घ्या, कुजलेली मुळं वेचून काढा. मिश्रण छिद्रांच्या क्रेटमध्ये पसरून दोनदा भरपूर पाण्याने धुवा आणि वाफ्यात दोन बोटं जाडीने पसरा, पालकाच्या ओळींच्या मधे. त्यातलं उरलेलं नत्र भुशाच्या कामी येईल, म्हणून युरियाचा दुसरा हप्ता देण्याआधी पालकाच्या नव्या पानांचा रंग बघा. गडद झाला असेल तर तो हप्ता गाळा. कुजलेल्या मुळांच्या कुंडीतलं मिश्रण मात्र टोमॅटो-मिरचीच्या कुंड्यांत परत वापरू नका, आणि रिकाम्या कुंड्या नव्या मिश्रणाने भरण्याआधी घासून दोन दिवस कडक उन्हात वाळवा.